सचिनच्या निवृत्तीपर्यंत

काहीही सांगितलं की आण्णा उजव्या हाताचा पंजा टेबलावर पालथा ठेवत, डोळे बारीक करत आणि विचारत, "आनि फुडं?"

मुलीचं लग्न ठरलं म्हणून पेढे घेऊन गेलेल्या माणसालाही त्यांनी हेच विचारलेलं मी पाहिलं आहे. तो बिचारा पेढ्याचा बॉक्स हातात धरून म्हणाला, "फुडं काय, नांदंल की." आण्णांनी मान डोलावली, पेढा घेतला, आणि नवरा काय करतो, कुठं राहतो, सासूची तब्येत कशी आहे हे सगळं विचारून झाल्यावर मगच तोंडात टाकला. असं कुणीतरी तुमच्याही ओळखीत असेल. अशा माणसाला चहा घेणार का म्हणून विचारायचीही भीती वाटते.

आण्णांचं खरं नाव सांगत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत सांगायची गरज पडत नाही आणि इतरांना सांगून उपयोग नाही. शिरोळकडचं जैन शेतकरी घराणं. वडिलांनी शेती भावांकडे सोपवून शिरोलीत फौंड्री काढली आणि आण्णांनी ती चाळीस वर्षं चालवली. पेट्रोल इंजिनाला लागणारे दोन-तीन ओतीव भाग तिथं तयार होत आणि एका मोठ्या कंपनीला जात. सगळं सुरळीत होतं, म्हणजे आण्णांच्या हिशेबानं काळजीचं होतं.

एकदा त्या मोठ्या कंपनीचा इंजिनिअर विजेवर चालणारी नवीन गाडी दाखवायला पुरवठादारांना घेऊन गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. आण्णांनी सोबत पिशवीतून आपला ओतीव भाग नेला होता. तो काढून त्यांनी विचारलं, "ह्यो ह्यात कुटं बसतो?"

"यात इंजिनच नाही ना, काका. त्यामुळे तो लागत नाही."

"आनि फुडं?"

इंजिनिअरला प्रश्न समजला नाही. आण्णांना उत्तर समजलं. परत आल्यावर त्यांनी फौंड्रीशेजारची मोकळी शेड झाडून घेतली आणि सांगितलं की इथं विजेवर चालणारी तीनचाकी मालगाडी तयार होणार. त्यांची थोरली मुलगी मोटरीची इंजिनिअर होती, पुण्यात नोकरी करत होती. सगळे तिला ताई म्हणत. तिला बोलावून घेतलं. आणि ही सगळी योजना कागदावर मांडायला मला बोलावलं.

मी एका कॉलेजात सव्वीस वर्षं व्यवस्थापन शिकवून नुकताच मुदतीआधी बाहेर पडलो होतो. दीर्घकालीन धोरण हा माझा विषय. तोवर धोरण शिकवलं भरपूर होतं, पाहिलं नव्हतं. मी एक महिना खपून चाळीस पानांचा अहवाल केला. बाजारपेठ, स्पर्धक, बलस्थानं, उणिवा, रंगीत चौकोन. आण्णांनी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझ्यासमोर बसून वाचला. मला कॉलेजात कुणी असा मान दिला नव्हता.

वाचून झाल्यावर म्हणाले, "सर, लई झ्याक लिवलंय. ह्यात मानसं कुटं हायत?"

"मनुष्यबळ. पान एकतीस."

त्यांनी पान एकतीस काढलं. तिथं एक चौकोन होता. त्यांनी अहवाल मिटला आणि ड्रॉवरमधून वहीची पानं चिकटवून केलेला एक लांबलचक कागद काढून टेबलावर उलगडला. वरपासून खालपर्यंत फौंड्रीतल्या एक्कावन्न माणसांची नावं. प्रत्येकापुढे आजचं वय आणि त्याला अठ्ठावन्न पूर्ण व्हायला राहिलेली वर्षं. सगळ्यात वर शंकर मिस्त्री, राहिलेली वर्षं चार. सगळ्यात खाली सचिन नावाचा साचे करणारा मोल्डर, वय एकोणतीस, दोन लेकरं, राहिलेली वर्षं एकोणतीस. त्याच्याखाली दुहेरी रेघ.

"भट्टी धा वर्सांत बंद पडनार," आण्णा म्हणाले. "दुसऱ्यानं बंद करायच्या आत आपुनच बंद करायची. दर सालाला पाच मानसं भट्टीवरनं गाडीकडं न्यायची. आनि गाडीची कंपनी सचिन रिटायर हुस्तोवर चालली पायजे. ह्ये माजं धोरण. आता तुमी ह्येला चौकोन काढा."

मी घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, हा माणूस वेडा आहे. दुसऱ्या दिवशी नोकरी पत्करली.

पहिली गाडी मी कधी विसरणार नाही. ताईंनी तिचं रेखाटन अगदी काटेकोर केलं होतं, कुठला भाग किती जाडीचा, सगळं. पण भाग तयार करणारी माणसं फौंड्रीची होती. मालकाची पहिली गाडी आणि ती आपण केलेल्या भागापाशी मोडली तर तोंड कुठं लपवायचं, असं प्रत्येकाला वाटलं. म्हणून प्रत्येकानं दुसऱ्याला न सांगता आपला भाग थोडा जाड केला. कुणी दोन मिलिमीटर, कुणी चार. शंकर मिस्त्रींनी चालवणाऱ्यानं पाय ठेवायचा भाग थेट बिडाचाच ओतला. पत्रा त्यांना पटलाच नव्हता.

गाडी दिसायला सुंदर होती. तिला धक्का मारायला सहा माणसं लागली, तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं.

पेठ वडगावच्या बाजारात गुळाच्या ढेपा पोचवायच्या चार फेऱ्या ठरल्या होत्या. आण्णा स्वतः चालवायला बसले, शेजारी मी. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीतून परत येताना हायवेच्या कडेला गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि थांबली. मोडली काहीच नव्हती. बॅटरी संपली होती. एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधला.

"पावणं, ह्यात भरलंय तरी काय?" तो म्हणाला.

"काय न्हाय. रिकामीच हाय," आण्णा म्हणाले.

आण्णा दिवस बुडायच्या आत जेवत. नंतर पाण्याशिवाय काही नाही. त्या दिवशी ट्रॅक्टरच्या मागं मागं आम्ही शिरोलीला पोचलो तेव्हा दिवस बुडून गेला होता. शेडच्या दारात माणसं ओळीनं उभी. मग शंकर मिस्त्री म्हणाले, "आण्णा, मोडली तर न्हाय न्हवं?"

"न्हाय मिस्त्री. मोडंल असं वाटत बी न्हाय."

ते उपाशी झोपले आणि सकाळी येऊन त्यांनी नियम केला. गाडी अशी हवी की भरल्या मालानिशी दिवसभराच्या फेऱ्या करून चालवणारा दिवस बुडायच्या आत घरी जेवायला पोचला पाहिजे. आणि विकायची तिथंच, जिथं आपला दुरुस्तीचा माणूस जाऊन दिवस बुडायच्या आत परत येईल. मी धोरणात 'कार्यक्षेत्र' असं शीर्षक देऊन ते लिहिलं. ताईंनी सगळ्या भागांचे मिलिमीटर पुन्हा मोजून घेतले. बिडाची माणसं ॲल्युमिनियम ओतायला शिकली. सचिन मोटरीच्या वायंडिंगला बसला. वाळूचे साचे करून राठ झालेल्या बोटांनी तो तांब्याची तार गुंडाळायचा आणि ती तुटली की तारेलाच शिव्या घालायचा. चार महिन्यांत त्याच्यासारखं वायंडिंग करणारा शेडमध्ये कुणी उरला नाही, शिव्या मात्र तेवढ्याच राहिल्या.

दूधवाले, भाजीवाले, गुऱ्हाळवाले गाडी घेऊ लागले. नाव झालं, तसे पुण्याहून एक गुंतवणूकदार आले. तरुण, हसतमुख, पायात पांढरे बूट. एमआयडीसीत पांढरे बूट घालून येणाऱ्याच्या धाडसाचं मला कौतुक वाटलं. त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवली. तयार सुटे भाग बाहेरून आणायचे, इथं फक्त जोडायचे, पाच वर्षांत सगळ्या देशभर विकायचं.

"आनि फुडं?" आण्णा.

"पुढे आपण बाहेर पडायचं. तुमची बाहेर पडायची योजना काय आहे?"

"कशातनं?"

"कंपनीतून."

"मी का भाईर पडू? माजी हाय की कंपनी."

त्यांनी समजावून सांगितलं की कंपनी मोठी करायची ती विकण्यासाठी. आण्णांनी शांतपणे ऐकलं आणि ड्रॉवर उघडून तो कागद उलगडला. पाहुण्यांनी बोट खाली खाली नेत सचिनपर्यंत वाचलं.

"एकोणतीस वर्षं? तेव्हा तुम्ही..."

"मी न्हाय तवा. सचिन असंल."

पाहुणे सभ्य होते. ते म्हणाले, हा फार वेगळा दृष्टिकोन आहे. मग आण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं, उठले, आणि म्हणाले, "चला, जेवून घ्या. पिठलं हाय." संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. पाहुणे इतके गोंधळले की दोन भाकरी खाऊन गेले.

धोरण दहा वर्षांचं होतं, पण मोठ्या कंपनीनं ते वाचलं नव्हतं. तिसऱ्याच वर्षी तिचं पत्र आलं, पुढच्या तिमाहीपासून माल बंद. पंधरा माणसं गाडीकडे गेली होती, एक जण दुखण्यामुळे काम सोडून गेला होता, दुसरा गावी परतला होता. चौतीस जण अजून भट्टीवर होते. गाडीच्या शेडला आणखी दहा-बारा माणसं झेपली असती. चौतीस नाही.

पुण्याचे पाहुणे हे ऐकून पुन्हा आले. या वेळी त्यांचा प्रस्ताव साधा होता. गाडीची शेड ते घेतील, तिथल्या पंधरा माणसांसकट. फौंड्रीची जबाबदारी त्यांच्यावर नाही.

"आनि फुडं?"

"पुढे तुम्ही मोकळे, काका."

"मोकळं हुन काय करू?" आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. पण पंजा टेबलावरून उचलला होता आणि तो कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मला त्या दिवशी वाटलं होतं की त्यांनी हो म्हणावं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. भाषण असं नव्हतं. "काम निम्म्या मानसांचं हाय. एक तर निम्म्यांनी सा दीस यायचं आनि निम्म्यांनी घरी बसायचं. न्हायतर सगळ्यांनी तीन दीस यायचं. काय करूया?"

कोल्हापूरकडची पन्नास माणसं एकाच वेळी विचार करू लागली की जो आवाज होतो तो झाला. कुणी म्हणालं पोटाला काय खायचं, कुणी म्हणालं घरी बसवलेल्यानं तरी काय खायचं. त्यात शंकर मिस्त्री पुढं आले.

"आण्णा, माजं एकच वरीस ऱ्हायलंय. माजं नाव काडा."

"मिस्त्री, कागद माजा हाय. तुमी त्यात खाडाखोड करायची न्हाय."

मिस्त्री मागं जाऊन उभे राहिले. मग सचिननं एक शिवी हासडली, ती कुणाला होती ते कळलं नाही, आणि म्हणाला, "सगळ्यांनी तीन दीस." त्याचं काम सहा दिवसांचं पक्कं होतं. वायंडिंगवाल्याला कुणी घरी बसवणार नव्हतं. तो बोलल्यावर मग बाकीचे गाडीकडचे चौदाही हो म्हणाले.

अकरा महिने तसं चाललं. आण्णांनी स्वतःलाही तीन दिवस लावून घेतले. बाकीचे तीन दिवस ते फाटकासमोरच्या चहाच्या गाड्यावर बाकड्यावर बसत. मी म्हणालो, "आण्णा, आत तरी बसा." ते म्हणाले, "आज माजी पाळी न्हाय." ज्याला सही हवी असेल तो कागद घेऊन रस्ता ओलांडून जायचा. त्या अकरा महिन्यांत चार जण दुसरीकडे गेले. आण्णांनी त्यांची नावं कागदावरून काढली नाहीत. पुढे फक्त लिहिलं, 'बरं चाललंय का बघणे'. बघायला मला पाठवत.

त्या अकरा महिन्यांच्या सुरुवातीलाच, मोठ्या कंपनीचा शेवटचा माल ओतून भट्टी विझली, त्या दिवशी मला वाटलं काहीतरी होईल. नारळ, हार, चार शब्द. मिस्त्रींनी विचारलं, शेवटचा रस कशात ओतायचा? आण्णा म्हणाले, "आर्डरीत जे हाय त्यात." शेवटचा भाग गार झाल्यावर तपासला तर त्यात हवेचं भोक निघालं. नियमाप्रमाणे तो नापास. नापास माल पुन्हा वितळवायचा, हाही नियम. पण वितळवायला भट्टी नव्हती. आण्णांनी तो भाग हातात घेऊन उलटापालटा केला. मग म्हणाले, "ठिवा कुटंतरी," आणि झपाझप कार्यालयाकडे गेले. मी मागोमाग गेलो तर दार आतून लावलेलं होतं. मी परत आलो.

अकरा महिन्यांनंतर गाड्यांची मागणी वाढली. तीनाचे चार दिवस झाले, चाराचे सहा. दरवर्षी एकदा मी आणि आण्णा तो कागद काढून बसत असू आणि राहिलेल्या वर्षांतून एक एक वजा करत असू. सचिनपुढे चोवीस उरली तेव्हा मला एक गोष्ट दिसली. शिक्षक माणूस. चूक दिसली की तोंड बंद ठेवता येत नाही.

"आण्णा, सचिनच्या वरचा माणूस त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा आहे."

"मग?"

"मग शेवटची सहा वर्षं सचिन या कंपनीत एकटा आहे. तारही त्यानंच गुंडाळायची, गाडीही त्यानंच जोडायची, आणि फाटकही त्यानंच लावायचं."

आण्णांनी कागदाकडे पाहिलं. दुहेरी रेघेवरून बोट फिरवलं. 'आनि फुडं?' हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच दुसऱ्या कुणीतरी विचारला होता. मला आधी जिंकल्यासारखं वाटलं, मग फार वाईट वाटलं. ते म्हणाले, "म्हंजे ह्ये संपतच न्हाय म्हना की." आणि कागद मिटला.

त्याच पावसाळ्यानंतर त्यांचं दुखणं निघालं. पोटाचं होतं. दवाखाना करून आल्यावर ते घरीच असत. मी भेटायला दुपारी जायचो, म्हणजे जेवणाच्या वेळेआधी उठता येईल. ते कारखान्यातलं काही विचारत नसत. ताई सगळं सांभाळत होत्या आणि त्यांना ते माहीत होतं. ते माझ्या गुडघ्याबद्दल विचारत. माझा गुडघा तेव्हा ठणठणीत होता. पण विचारलं की थोडा दुखतोय असं मी सांगायचो, म्हणजे त्यांना काळजीला काहीतरी मिळे.

शेवटच्या भेटीत ते बराच वेळ डोळे मिटून होते. मला वाटलं झोप लागली. मी उठलो तर म्हणाले, "सर, तुमी त्या दिशी दावलासा त्ये बरोबर हाय. सचिन एकटा पडतोय."

"आण्णा, त्याला एकटं पडायला अजून अठरा वर्षं आहेत."

"अठरा काय, बघता बघता जात्यात. त्येला सोबत बघा."

दीर्घकालीन धोरणाबद्दल मी आयुष्यभर जे वाचलं आणि शिकवलं, त्यात इतकं सोपं वाक्य कुठं नव्हतं. आठवड्याभरात आण्णा गेले. कारखाना एक दिवस बंद राहिला. दुसऱ्या दिवशी ताई सगळ्यांच्या आधी आल्या होत्या. त्यांच्या टेबलाशी उभा राहून मी आण्णांचं शेवटचं बोलणं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तोंड धुऊन आल्या, आणि वायंडिंग विभागासाठी एक जागा भरायची आहे अशी जाहिरात मला लिहायला सांगितली.

मुलाखतीला आलेल्यांत आयटीआय झालेली एक मुलगी होती. वय वीस. तिचं काम पाहायला सचिनला बोलावलं होतं. तिनं तार गुंडाळली, एकदाही तुटली नाही. सचिनच्या तोंडून शिवी आली नाही, यावरून आम्ही ओळखलं. ताईंनी पगार सांगितला, वेळ सांगितली, तुला काही विचारायचं आहे का म्हणून विचारलं.

मुलगी माझ्याकडे वळली. तिथं सगळ्यात म्हातारा मीच होतो.

"सर, माज्या वडलांची फौंड्री बंद पडली. हितलीच, शिरोलीतली. एका दिसात सगळे घरी. ही कंपनी किती वर्सं चालंल?"

असं काही विचारलं की 'आण्णांना विचारून सांगतो' म्हणायची मला पाच वर्षांची सवय होती. मी खुर्चीत अर्धा वळलोसुद्धा. मागं कार्यालयाचं दार उघडंच होतं, आत कुणी नव्हतं. ताई माझ्याकडे बघत होत्या, सचिनही बघत होता. मी अठ्ठावन्नातून वीस वजा केले.

"अडतीस," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. मला तेव्हा एकसष्टावं चालू होतं.